बिनदांडीची सायकल

आमच्या गावात कुणी नवी सायकल आणली की लोक आधी घंटी वाजवून बघायचे, मग डायनमो आहे का विचारायचे, आणि शेवटी रंगावर बोलायचे. माझे वडील, आबा, यातलं काहीच करत नसत. ते जरा मागं सरकून उभे राहायचे, एक डोळा बारीक करायचे आणि मालकाला म्हणायचे, "बसून दाव." तो बसला की त्याच्या पाठीकडं, गुडघ्यांकडं, कोपरांकडं बघायचे. मग एकच वाक्य बोलायचे. "ही तुझी न्हाई, तुझ्या भावाची हाय," किंवा "बरोबर घेतलीस गड्या." ज्याला पहिलं वाक्य ऐकायला मिळायचं तो पुढं आठवडाभर आबांना टाळायचा.

आबांचं म्हणणं असं की सायकलची फ्रेम दुकानात निवडायची नसते, आपल्या रस्त्यावर उभं राहून निवडायची असते. आपण कुठं जातो, काय वाहून नेतो आणि पोचल्यावर काय करतो, हे आधी ठरवायचं. तालुक्याला शर्यतीत उतरणाऱ्या पोरांच्या सायकली त्यांना दुरून ओळखू यायच्या. त्यांचा पुढचं चाक धरणारा चिमटा जवळजवळ उभा, दोन्ही चाकं एकमेकांना चिकटल्यासारखी, सीट वर आणि हँडल खाली. तशी सायकल नुसत्या इशाऱ्यानं वळते, पण खड्डा आला की दणका थेट मनगटात येतो.

"घाईच्या माणसाची सायकल ती," आबा म्हणायचे. "मान खाली घालायची आन् पळायचं. माझं काम बोलायचं हाय. गावात शिरताना माझं तोंड लोकांना दिसाया पायजे, आन् त्यांचं मला."

म्हणून त्यांची सायकल चोवीस इंची, दोन दांड्यांची. सीटखालची नळी मागं कललेली, त्यामुळं बसणाऱ्याचा भार मागच्या चाकावर जायचा आणि पाठ ताठ राहायची. चिमटा पुढं वाकलेला, चाकांत भरपूर अंतर, त्यामुळं खड्डे निम्मे वाटेतच जिरायचे. ती वळायला मंद होती, चढाला जड होती. पण कॅरियरवर पत्रकांचे गठ्ठे बांधून, विट्याच्या पुढं डांबर संपून नुसती फुफाटी आणि दगड सुरू झाले तरी ती डगमगत नसे. आबा चांगले उंच. त्या सायकलवर बसले की लांबून कुणीतरी घोड्यावरून येतंय असं वाटायचं.

पत्रकं हाच आबांचा धंदा होता, जर त्याला धंदा म्हणायचा असेल तर. दोन एकर ऊस चुलते बघायचे, आई शिवणाचं मशीन चालवायची, आणि त्यावर घर चालायचं. आबा लिहायचे, कराडला छापून आणायचे आणि गावोगाव वाटायचे. हुंड्याविरुद्ध, पाणवठ्यावरच्या शिवाशिवीविरुद्ध, ऊसतोडणीच्या मुकादमांविरुद्ध. मी अक्षरं शिकले ती उरलेल्या पत्रकांवर. 'मागणी' हा शब्द मला 'मामा'च्या आधी वाचता आला, असं आई जरा कडवटपणे सांगायची. सायकलही मी त्यांच्याच चोवीस इंचीवर शिकले, त्रिकोणातून पाय घालून, एका अंगानं लोंबकळत. मग वयात आले, साडी आली आणि सायकल सुटली. पाचवारी साडीतल्या बाईनं दांडीवरून पाय टाकायचा कसा? ती दांडी पुरुषांचे पाय मोजून बसवलेली होती. यावर आबांनी कधी पत्रक काढलं नाही. मी तेव्हाच विचारायला हवं होतं का, माहीत नाही. विचारलं मात्र नाही.

बहात्तरचा दुष्काळ पडला तेव्हा मी कॉलेजात होते, आणि आबांचा उजवा खुबा धरायला लागला होता.

आधी ते कुणाला बोललेच नाहीत. आमच्या लक्षात आलं ते त्यांच्या सायकलवर चढण्यावरून. ते जुन्या पद्धतीनं चढायचे. डावा पाय पायडलवर, चारदोन उड्या, आणि मग उजवा पाय मागून गठ्ठ्यांवरून फिरवून सीटवर. ते फिरवणं एखाद्या पक्ष्यानं पंख पसरावा तसं असायचं. आता उड्या वाढायला लागल्या. पाय अर्ध्यात जाऊन परत यायचा. एकदा ओट्याशेजारी सायकल लावून ओट्यावरून चढताना त्यांना आईनं पाहिलं आणि ती मशीन थांबवून म्हणाली, "आवं, नवरदेव घोड्यावर बसतोय का सायकलीवर?"

आबा हसले. पण त्या दिवशी घरी आले ते कुणाच्या तरी बैलगाडीत, सायकल मागं आडवी टाकून.

मिरजेला दाखवलं. डॉक्टर तरुण होते, नीट बोलले. म्हणाले, खुब्याचा सांधा झिजलाय. पाय एका मर्यादेपलीकडं बाजूला जाणार नाही, जबरदस्ती करू नका. चालणं कमी करा, उभं राहणं कमी करा. आबांनी विचारलं, "सायकल?" डॉक्टर म्हणाले, "बसल्यावर काही त्रास नाही, उलट बरंच. भार सीटवर जातो. पण पाय टाकून चढायचं नाही."

म्हणजे सायकल चालवायला हरकत नव्हती. सायकलवर चढायला होती. येताना एस.टी.त आबा खिडकीबाहेर बघत होते आणि मी मनातल्या मनात फ्रेमी मोजत होते.

पुढचे काही दिवस आमच्या अंगणात गावातल्या सगळ्या सायकली येऊन गेल्या. बावीस इंची आणली. दांडी खाली, पण आबांचा पाय तिथवरही जाईना. शाळकरी पोराची वीस इंची आणली. तिच्यावर कसेबसे बसले तर गुडघे हँडलला लागायला लागले आणि सर्कशीतल्या अस्वलासारखं दिसायला लागलं. आबा स्वतःच म्हणाले, "टोपी द्या आन् तिकीट लावा." मग त्यांनी एक युक्ती काढली. आपलीच चोवीस इंची जमिनीवर आडवी करायची, दांडी ओलांडून आत उभं राहायचं आणि मग सायकल उभी करायची. जमलं! आई टाळ्या वाजवायला लागली. मग मी कॅरियरवर पत्रकांचे गठ्ठे बांधले आणि म्हटलं, "आता." आडवी केलेली भरलेली सायकल एका पायावर जोर देऊन त्यांना उचलेना. तीनदा प्रयत्न करून ते खाली बसले.

"गठ्ठे नगा बांधू," आई म्हणाली.

"मग सायकल कशाला?" आबा म्हणाले. "हवा खायाला?"

मी तेव्हा बोलले. जे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं तेच बोलले. दांडीच नको. लेडीज सायकल घ्या. तिची नळी खाली उतरती, पाय उचलायचाच नाही, मधून नुसता पलीकडं सरकवायचा. सीटचा दांडा लांब घातला, हँडल वर घेतलं, की बसायला तुमच्या चोवीस इंचीसारखीच.

आबा लगेच नाही म्हणाले नाहीत. ते फ्रेमीचा विचार केल्याशिवाय कशालाच नाही म्हणत नसत. त्यांनी हरकत घेतली ती खरी होती. वरची दांडी गेली की त्रिकोण मोडतो, फ्रेम पिळते. मागं ओझं असलं तर उतारावर हँडल थरथरतं. मी म्हटलं, ओझं मागं उंच कशाला बांधायचं? दूधवाले कॅन लावतात तसं दोन्ही बाजूंना खाली लटकवू, भार जमिनीजवळ राहील. त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "चल सांगलीला."

सांगलीत सायकलीच्या दुकानांची ओळ होती, त्यातल्या एका मोठ्या दुकानात आम्ही गेलो. लेडीज सायकल होती, हिरवी, वाकलेल्या दोन नळ्यांची. दुकानदार जाडजूड, पान खाणारा, बोलका माणूस. माझ्याकडं बघूनच त्यानं सायकल पुढं ओढली.

"ताईंसाठी का? कॉलेजला? झकास. सीट एकदम खाली घेऊन देतो."

"वर घ्या," मी म्हटलं. "जेवढी जाईल तेवढी. आणि लांब दांडा असला तर तो घाला."

तो हसला. "आवं ताई, पाय हवेत राहतील की तुमचे! झोका घेताय का सायकल?"

मी तोंड उघडलं. 'यांच्यासाठी' एवढाच शब्द होता. दुकानात आणखी दोघेतिघे उभे होते, एकजण आबांना ओळखणारा होता, त्यानं नमस्कारही केला होता. माझा शब्द बाहेर पडायच्या आत आबा म्हणाले, "पोरीची चेष्टा हाय ती. खालीच घ्या. हिलाच पायजे."

दुकानदारानं सीट खाली ठोकली. हातोडीच्या प्रत्येक घावाला मी आबांकडं बघत होते आणि ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडं. ज्या माणसानं भर सभेत दांडक्यानिशी आलेल्या लोकांसमोर आपलं वाक्य पुरं केलं होतं, त्याला या पानवाल्या दुकानदारासमोर चार अक्षरं झेपली नाहीत. मी सांगली ते घर एक शब्द बोलले नाही. ते मात्र सारखे बोलत होते, रस्त्यावरच्या झाडांबद्दल, पिकांबद्दल, नदीला पाणी किती खाली गेलंय याबद्दल.

एका दुपारी मी कॉलेजातून लवकर आले. आई बाजाराला गेली होती. गोठ्यामागच्या मोकळ्या जागेत आबा त्या हिरव्या सायकलवर बसले होते. सीट वर घेतलेली, हँडलही. ते गोल फिरत होते, लहान गोल, पुन्हा मोठा गोल, पाठ ताठ, मान वर. त्यांचा चेहरा इतका खुललेला मी आधी कधी पाहिला नव्हता, किंवा माझ्या लहानपणी पाहिला असेल. कुडापलीकडून कुणीतरी हाक मारली, "आबा हायसा का?" आणि ते क्षणात उतरले, खाली बसले, चेनवर बोट फिरवायला लागले.

"तेल देतोय पोरीच्या सायकलीला," ते ओरडून म्हणाले.

त्या संध्याकाळी आमचं भांडण झालं. मी त्यांचंच जुनं पत्रक काढलं आणि मोठ्यानं वाचलं. त्यात लिहिलं होतं की काम बायकी नसतं आणि पुरुषी नसतं, धुणं धुतल्यानं कुणाचा हात झडत नाही. वाचून झाल्यावर मी म्हटलं, "लोखंडाच्या नळीला तरी बाई-पुरुष असतंय का आबा?"

"वाचाया येतंय मला. मीच लिवलंय ते."

"मग?"

"मग काय? मला हसले तर हसू दे गं. आजपातूर काय कमी हसलेत? बायकांचा पुढारी म्हणत्यात मला, ठावं हाय. पण मी गावात शिरलो आन् लोक आधी हसले, तर नंतर हातात दिलेला कागुद बी हसण्यावारी जातोय. हसलेला कागुद कोण वाचत न्हाई."

ते म्हणतात ते तत्त्व आहे की लाज, हे मला ठरवता आलं नाही. आजही येत नाही. पण पत्रकाचा प्रश्न तेव्हा खरोखरच अडला होता. विट्याच्या पलीकडं माळावर पाझर तलावाचं काम सुरू होतं. शेकडो बाया खडी फोडत होत्या आणि त्यांची तान्ही पोरं बाभळीला झोळी बांधून उन्हात टांगलेली. बायांना पोरांच्या पाळण्यांवर छप्पर आणि पिण्याच्या पाण्याचा टँकर पाहिजे होता. सरकारी साहेब पाहणीला येणार होते, त्याआधी पत्रक प्रत्येकीच्या हातात पडून, मागणी काय आहे ते एकेकीला समजावून सांगायला हवं होतं. एस.टी. तिथपर्यंत जात नव्हती. मी कॉलेजच्या एका मैत्रिणीबरोबर खडीच्या ट्रकवरून एक गठ्ठा घेऊन जाणार होते, उरलेले आबांनी न्यायचे.

दुसऱ्या दिवशी गाव उठायच्या आत हिरवी सायकल घेऊन ते निघाले. गठ्ठे दोन्ही बाजूंना लटकवलेले. आईनं दारात उभं राहून फक्त "जपून जावा" म्हटलं.

मी आधी पोचले होते. बाया रांगेनं बसल्या होत्या, बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या, हातोड्यांचा एकसारखा आवाज. आबा लांबून दिसले. खरं सांगते, ते सुंदर दिसत होते. ताठ, सावकाश, उजव्या पायाला काहीही झालेलं नसल्यासारखे. मग ते जवळ आले आणि सायकल दिसली. एक हातोडा थांबला. मग दुसरा.

"अगं बया! आबा, दांडी कुठं पडली वाटंत?"

"मालकिनीची पळवून आणली जणू!"

"मालकीन चालत गेली व्हय बाजाराला?"

रांगेच्या टोकाला एक म्हातारी बसली होती, काळीसावळी, दात पडलेली. ती हातोडा खाली ठेवून म्हणाली, "आवं आबा, सायकल बायकूची आणली, तर लुगडं बी नेसून यायचं की! आमी निऱ्या काढून दिल्या असत्या!"

मग सगळी रांग फुटली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या त्या. बाभळीखालची पोरं जागी झाली. मुकादम, जो एरवी बायांना मान वर करू द्यायचा नाही, तोही म्हणाला, "आबा, हजेरी बायांत लावू का पुरुषांत?"

"बायांत लाव गड्या," आबा हसत म्हणाले. "म्हंजे मला बी कळंल खडी कशी फोडत्यात."

त्यावर आणखी हशा. आबा उतरले आणि पत्रकं वाटायला लागले. मला त्यांचा हात दिसत होता. मी लहानपणापासून त्यांना पत्रक देताना पाहत आले, ते समोरच्याच्या डोळ्यांत बघून द्यायचे, दोन शब्द बोलून. त्या दिवशी ते कागदाकडं बघून देत होते. एका पोरसवदा बाईनं पत्रक घेतलं आणि त्याच्या आड तोंड लपवून हसत राहिली. आबांना ते दिसलं. मग त्यांनी उरलेला गठ्ठा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "तू वाट. तू बोल."

मी बोलले. चांगलं बोलले असणार. त्यातला एक शब्द मला आठवत नाही.

घरी ते सायकल हातात धरून चालत आले. दिवस मावळताना पोचले. खुब्याला हात लावून ओट्यावर बसले आणि मला म्हणाले, "सीट खाली करून घे. सायकल तुझी."

त्यानंतर आबांनी जे केलं ते दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं. त्यांनी आपली चोवीस इंची पुन्हा बाहेर काढली. तिच्यावर गठ्ठे बांधले, ती हातात धरली आणि ढकलत गावोगाव जायला लागले. चढायचं नाही, बसायचं नाही, नुसतं तिच्या शेजारून चालायचं. हँडलवर थोडा भार टाकता यायचा. रस्त्यात कुणी भेटून विचारलं, "आबा, चालत का?" की म्हणायचे, "पंक्चर झालीय."

रोज पंक्चर. ज्यांनी मला खोटं बोलल्याबद्दल एकदा जेवताना उठवलं होतं, ते रोज, प्रत्येक फाट्यावर, प्रत्येक ओळखीच्या माणसाला पंक्चर झालीय म्हणून सांगत होते. डॉक्टरांनी बसायला सांगितलं होतं आणि चालू नका म्हणून बजावलं होतं. ते नेमकं उलटं करत होते. आई रडायची. मी भांडायचे. "काम थांबलंय का?" एवढंच ते विचारायचे. काम थांबलं नव्हतं.

एकदा विट्याच्या अलीकडं मी त्यांना समोरून येताना पाहिलं. मी हिरव्या सायकलवर होते. त्यांच्याबरोबर एक बैलगाडीवाला थांबला होता, ओळखीचा, मायाळू माणूस. तो म्हणत होता, "टाका की आबा सायकल गाडीत. विट्यात पंक्चर काडून घिऊ."

"नगं, जातोय हळूहळू."

"आवं, लांब हाय गड्या विटं." तो खाली उतरला आणि त्यानं सहज, अगदी सहज, मागच्या चाकावर अंगठा दाबला. मग पुढच्या. दोन्ही टायर दगडासारखे टणक होते. त्यानं वर बघितलं. आबा रस्त्याकडं बघत होते.

मी सायकलवरून उतरत म्हटलं, "आत्ताच हवा भरलीय काका. टिकत नाही. व्हॉल्व्ह गेलाय."

"व्हय व्हय," तो म्हणाला. "व्हॉल्व गेला की तसंच होतंय." त्याचा विश्वास बसला नव्हता, पण त्यानं पुढं काही विचारलं नाही. बैलांना हाकलून तो गेला.

आम्ही दोघं आपापल्या सायकली धरून चालायला लागलो. आबा म्हणाले, "खोटं बोलाया कवापासनं लागलीस?"

"आत्तापासून."

ते थांबले. त्यांनी गठ्ठ्याची दोरी घट्ट केली, जी आधीच घट्ट होती, आणि पुन्हा चालायला लागले. पाय आता उघडच ओढत होता. फुफाटीत त्यांच्या एका पायाचा ठसा उमटायचा आणि दुसऱ्याची रेघ.

दिवाळीच्या सुमाराला एका सकाळी त्यांना अंथरुणावरून उठता येईना. मिरजेला पुन्हा नेलं. त्याच डॉक्टरांनी खुब्याचा एक्स-रे फोटो प्रकाशासमोर धरला आणि आम्हाला विचारलं, "यांना चालायला कुणी सांगितलं होतं?" मग आबांकडं वळून म्हणाले, "सायकल चालवायला सांगितलं होतं ना मी?" आता ते काठी घेऊन न्हाणीपर्यंत जातात. कुठल्याच सीटवर, कितीही नळ्या खाली उतरवल्या तरी, ते बसू शकत नाहीत.

पत्रकं मी लिहिते आणि मीच नेते. हिरव्या सायकलवरून, साडीत, दोन्ही बाजूंना गठ्ठे लटकवून. ती उतारावर थरथरते, आबांची हरकत खरी होती.

पुढच्या उन्हाळ्यात एका रस्त्याच्या कामावर गेले होते. तिथं ती म्हातारी दिसली, लुगड्यावाली. मी तिला ओळखलं. मी तिच्या हातात पत्रक देऊन पुढं जाणार, तोच तिनं माझा पदर धरला.

"तुझा बा येत न्हाई गं आता?"

"नाही."

"आमी हसलो म्हणून सोडलं व्हय त्यांनी?"

खोटं बोलता आलं असतं. एव्हाना सवय झाली होती. पण मी आबांच्या घरात वाढले होते, आणि मला राग आला होता. मी म्हटलं, "व्हय."

हातातला हातोडा तिनं मांडीवर ठेवला.

"आगं बाई," ती म्हणाली. "त्या साली कुणाच्या घरात हसण्याजोगं काय व्हतं? नातू गेला व्हता माझा आठ दिस आधी. सगळ्या रडूनच कामाला यायच्या. तुझा बा असा राजावानी बायकूच्या सायकलीवरनं आला, आन् आमाला वाटलं, हा माणूस कुणाला भीत न्हाई. आमच्यातलाच हाय. म्हणून तर बोललो. मुकादमाला बोललो असतो व्हय तसं?" मग म्हणाली, "कागुद आमी ठिवला व्हता. सुनंनं वाचून दावला समद्यांस्नी. दुसऱ्या दिशी साहेब आला तवा मीच उठून बोलले."

मी घरी आले आणि आबांना सगळं सांगितलं. न सांगण्याचा विचार वाटेत मनात आला होता, एस.टी. फाट्यापर्यंत तो टिकलाही. पण त्यांनी विचारलं, कोण भेटलं, काय म्हणाले लोक, रोज विचारतात तसं, आणि मी सांगितलं, शब्दाला शब्द. आई मशीन थांबवून ऐकत होती.

आबांनी पहिल्यांदा विचारलं, "साहेबाम्होरं ती स्वता बोलली?"

"हो."

"छप्पर मिळालं?"

"ताडपत्री मिळाली म्हणाली. पाण्याचा टँकरही आला."

त्यांनी मान हलवली. हसले थोडे. मग त्यांनी दाराबाहेर बघितलं, जिथून रस्ता दिसतो.

"म्हंजे मी उगंच चाललो गं," ते म्हणाले.

आईनं मशीन सुरू केलं. आबांनी मला पाय उचलून उशीवर ठेवायला सांगितला, आणि मी तो ठेवला.